कोरगूट, गोवा धान आणि 'जनुक बदललेलं' बियाणं: खाजनात काय पेरायचं?

खाजनकाठ
नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढते. विषय घरातला आहे आणि घरात तो सुटत नाही.

चोडणला आमचं थोडं खाजन (बांध घालून भरतीचं खारं पाणी अडवलेलं सखल भातशेत) आहे. गेल्या श्रावणात अमावस्येच्या भरतीला बांधाला भगदाड पडलं. मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) फळी आधीच कुजलेली, त्यामुळे आत शिरलेलं खारं पाणी ओहोटीलाही पुरतं बाहेर गेलं नाही, दोन दिवस शेतात उभं राहिलं. शेजाऱ्यांच्या शेतात ज्योती हे भाताचं वाण होतं. आठवड्याभरात पानांचे शेंडे पांढरे पडले, मग कडा गुंडाळल्या आणि बघता बघता आख्खी पात गवतासारखी वाळली. आमच्या दोन कुणग्यांतली (वाफ्यांतली) ज्योतीही तशीच गेली. उभी राहिली ती फक्त पोंयीच्या (खाजनातल्या पाण्याच्या खोलगट भागाच्या) अंगाची पट्टी, जिथे बाबा दरवर्षी कोरगूट हे इथलं जुनं भात पेरायचे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मी ते पेरत होते ते केवळ त्यांचा नेम मोडायचा नाही म्हणून. त्या दिवशी मेरेवर उभी राहिले आणि पहिल्यांदा त्या भाताकडे नीट पाहिलं.

आता प्रश्न. भाऊ म्हणतो, कोरगुटाला उतारा कमी, पीक पडतं (लोळतं), तर सरळ 'गोवा धान' लावूया, तेही मिठाला टिकतं. काकी म्हणते, ते सरकारी बियाणं जीएम असतं, जनुकं बदललेली असतात, घरात शिजवायला नको. आणि मला वाटतं, आपलंच ठेवावं. पण 'वाटतं' याच्या पलीकडे माझ्याकडे काही नाही.

१) गोवा धान खरंच जीएम आहे का?
२) कोरगुटाच्या शेजारी दुसरं भात लावलं तर आमचं बियाणं बिघडेल का?
३) जनुकात बदल केलेलं बियाणं आणि निवडून सुधारलेलं बियाणं यात नेमका फरक काय?

गवताच्या मुडीत बांधलेलं बियाणं माळ्यावर आहे. पाऊस यायच्या आत ठरवायचं आहे.

बीजवेचक
ताई, तुम्ही धागा काढलात हे फार बरं केलंत. माझी नोकरी भातपैदाशीतच गेली, आता निवृत्त आहे.

पहिल्याचं उत्तर: नाही, गोवा धान जीएम नाही. भारतात आजतागायत एकही जीएम भात शेतकऱ्याच्या शेतात पेरायला मंजूर नाही. गोवा धान १ आणि २ तर तुमच्या कोरगुटाचीच लेकरं आहेत. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवडून ती काढली.

ती निवड कशी होते ते सांगतो, म्हणजे काकींनाही सांगता येईल. भाताचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं. म्हणून तुमच्या पट्टीत जे 'कोरगूट' म्हणून उभं आहे ते खरं तर एक नाही. त्यात शेकडो वंश शेजारीशेजारी वाढतात, कोणी चार दिवस आधी निसवतो, कोणी वीतभर उंच, कोणाचा दाणा जास्त तांबडा. पैदासकार काय करतो? चांगल्या रोपांची एकेक लोंब वेगळी काढतो, प्रत्येकीचे दाणे पुढल्या वर्षी वेगळ्या ओळीत पेरतो, खाऱ्या जमिनीत वर्षानुवर्षं तपासतो आणि शेवटी एक-दोन ओळी राखतो. याला शुद्ध वंश निवड म्हणतात. बाहेरून काहीही घातलेलं नसतं, फक्त बाकीच्यांना वगळलेलं असतं.

आणि हे 'वगळणं' विसरू नका. निवडलेल्या एका वंशात ताकद एकवटते, पण शेकडो वंशांची विविधता मागे राहते. म्हणून माझं मत: गोवा धान जरूर लावा, पण पोंयीकडची पट्टी कोरगुटाचीच ठेवा.

दुसऱ्याचं उत्तर: भातात परपरागण फार थोडं, साधारण शंभरात एकापेक्षाही कमी. बियाणं प्रमाणित करताना दोन वाणांत ३ मीटर अंतर पुरेसं धरतात. त्यापेक्षा जास्त भेसळ खळ्यावर होते. मळणीची ताडपत्री, सूप, पोतं नीट झाडून घ्या.

तिसऱ्यावर रात्री लिहितो.

प्राजक्ता_फोंडा
आमच्याकडे कोरगुटाच्या उकड्याची पेज आजीच्या हातची. रंग तांबूस, वास असा की सोबत फक्त आंब्याचं लोणचं लागायचं. वीस वर्षांत चाखली नाही. विकत कुठे मिळते?

परसू
बीजवेचकजी, माहिती चांगली आहे, पण मला यातला एक धागा धोक्याचा वाटतो. आधी म्हणायचं ही फक्त निवड आहे, मग म्हणायचं जीएम हीसुद्धा एक प्रकारची निवडच, माणूस दहा हजार वर्षं हेच करतो आहे. हे बरोबर नाही. माझ्या आजोबांनी मोठ्यात मोठी भेंडी बियाणाला राखली आणि कोणी जिवाणूचं जनुक वांग्यात टोचलं, या दोन गोष्टी एक नव्हेत. निसर्गात वांगं आणि मातीतला जिवाणू यांचं लग्न कधी लागलं नसतं.

बीजवेचक
परसू, तुमचं म्हणणं अर्ध्यापर्यंत मला पूर्ण मान्य आहे. मीही कधी 'सगळं एकच' म्हणणार नाही. पायऱ्या वेगळ्या आहेत, त्या एकेक पाहू.

पहिली पायरी निवड. रानभाताचे दाणे पिकले की आपोआप गळून पडतात, देवभात पाहिला असेल तर ठाऊक असेल. कोणे एके काळी न गळणाऱ्या लोंबीच माणसाच्या हाती जास्त लागल्या, त्याच पेरल्या गेल्या आणि हळूहळू दाणा धरून ठेवणारं भात तयार झालं. गळणं थांबवणारा जनुकातला बदल निसर्गाने केला, आपण तो फक्त राखला.

दुसरी पायरी संकर. जया हे वाण १९६८ सालचं, तैवानचं बुटकं भात आणि आपलं टी-१४१ यांच्या संकरातून आलेलं. गोव्यात ते घरोघर पोचलं. यात दोन्ही आईबाप भातच, पण हजारो जनुकं एकदम ढवळली जातात.

तिसरी, जी लोकांना माहीतच नसते: उत्परिवर्तन. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राने बियांवर किरणोत्सर्गाचा मारा करून, बदललेली रोपं निवडून आणि त्यांचे संकर करून भुईमुगाचे वाण काढले. टीएजी-२४ हे त्यातलंच. महाराष्ट्रात लोकांनी आवडीने पेरलं. आपण त्याचं तेल खाल्लं, कोणी विचारलंही नाही.

चौथी जीएम. दुसऱ्या जीवाचं ठरावीक जनुक पिकाच्या पेशीत बसवणं. बीटी कापूस किंवा वांग्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूचं जनुक असतं. त्याने तयार होणारं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं आणि तिथल्या पेशींना चिकटून भोकं पाडतं. आपलं पोट आम्लधर्मी आणि चिकटायला लागणारी जागाही आपल्याकडे नाही, म्हणून अळी मरते आणि आपल्याला ते इतर प्रथिनांसारखं पचतं.

पाचवी सगळ्यात नवी, जनुक संपादन. बाहेरचं जनुक न घालता पिकाच्या स्वतःच्या जनुकात बारीक काटछाट करायची. मे २०२५ मध्ये भारताने असे भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यातल्या पुसा डीएसटी राइस १ मध्ये एमटीयू १०१० या वाणाचं डीएसटी हे एक जनुक निकामी केलं आहे. ते चालू असताना पानावर रंध्रं जास्त पडतात, बंद केलं की कमी पडतात आणि पाणी कमी उडतं. दुष्काळ आणि क्षार दोन्हीला ते टिकावं हा हेतू. म्हणजे ताई, तुमच्या खाजनाच्याच प्रश्नावरचं हे प्रयोगशाळेतलं उत्तर.

खाऱ्या पाण्यात भात का मरतं तेही सांगतो. मुळांनी ओढलेलं सोडियम पानांत साचतं आणि पान जळतं. केरळच्या पोक्कळी भातात सॉल्टॉल नावाचा जनुकांचा पट्टा सापडला. त्यातलं एक जनुक वर चढणाऱ्या रसातून सोडियम खेचून खालीच अडवतं. शेजाऱ्यांच्या ज्योतीचे पांढरे शेंडे म्हणजे सोडियमची ही अडवणूक न झाल्याची खूण.

यवतमाळकर_वेर्णा
मी वेर्ण्याला कारखान्यात कामाला, मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात. घरी कापूस. त्यामुळे हा विषय मी पुस्तकातून नाही, वडिलांच्या हातांतून शिकलो.

बीटी कापूस २००२ मध्ये मंजूर झाला. पहिली काही वर्षं खरोखर सोन्याची होती. बोंडअळीसाठी आधी वडील खांद्यावर पंप घेऊन किती वेळा फवारायचे! ते कमी झालं. ज्यांनी ते विष अंगावर घेतलं नाही त्यांनी या फायद्याला नावं ठेवू नयेत.

मग काय बिघडलं? बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं साध्या कापसाचं पाकीट मिळायचं. ते शेताच्या कडेने लावायचं होतं, म्हणजे काही अळ्या बीटी न खाता जगतील आणि विष पचवणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर होत राहील. ते कोणी लावलं नाही. आम्हीही नाही. दुकानात ते पाकीट नुसतं हातात ठेवलं, का लावायचं हे समजावून सांगितलं नाही. वडिलांनी ते गुरांच्या कडब्यावर ओतलेलं मी पाहिलं आहे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोखरली. वरून हिरवं, फोडलं की काळं.

आणि एक गोष्ट इथे कोणी बोललं नाही. आम्ही दरवर्षी बियाणं विकत घेतो ते बीटीमुळे नाही, संकरित वाणामुळे. संकराची सरकी पुन्हा पेरली तर पुढली पिढी एकसारखी येत नाही. भारतात बीटी जनुक आलं ते संकरित वाणांतून, त्यामुळे ते जनुक आणि दुकानाची पायरी हे दोन्ही एकदमच गळ्यात पडलं. आजोबांच्या देशी कापसाची सरकी घरात होती. आता गावात ती शोधूनही मिळत नाही. माझा राग जनुकावर नाही, सरकी घरातून गेली यावर आहे.

ताई, तुमची मुडी सांभाळा.

खाजनकाठ
यवतमाळकर दादा, तुमचं वाचून थोडा वेळ काहीच लिहवलं नाही. काकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे वांदे बियाण्यात कमी आणि माणसांत जास्त."

आगशीकाठी
वांग्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. आगशीची वांगी आमच्या घरी तीन पिढ्या. मोठी, गोलसर, पातळ सालीची. काप करायला त्यासारखं वांगं नाही. बियाणाला आई रोपावरचं दुसरं किंवा तिसरं फळ ठेवायची, पहिलं कधीच नाही, आणि ते पिवळं पडून मऊ होईपर्यंत काढायची नाही. मग पाण्यात कुस्करायचं, तळाला बसलेलं बी तेवढं घ्यायचं, राखेत घोळून वाळवायचं. तरंगलेलं फेकायचं. हेही पैदासकाराचंच काम ना?

बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दाखवला, तेव्हा आमच्याकडे खरी भीती होती. ९ फेब्रुवारी २०१० ला तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली, ती अजून आहे. बांगलादेशात मात्र २०१४ पासून लावतात. मला शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा त्रास माहीत आहे. बाजारात जाणाऱ्या वांग्यावर तोडणीच्या दोन दिवस आधीही फवारतात, हेही डोळ्यांनी पाहते. त्यामुळे फवारणी वाचत असेल तर ते लहान नाही. पण वांगं भातासारखं नाही. त्यावर भुंगे, मधमाश्या बसतात. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत १०० ते २०० मीटर अंतर ठेवायला सांगतात. आमच्या गावात दोन परसांत एवढं अंतर नसतं! शेजाऱ्याने काय लावायचं हे मी ठरवू शकत नाही आणि माझ्या बियाण्यात काय शिरलं हे मला डोळ्यांनी कळणार नाही.

परसू
ताई, माझ्या मनातलं तुम्ही नेमकं मांडलंत. मी 'निसर्ग-अनिसर्ग' म्हणत होतो, पण खरी अडचण ही आहे: घातलेलं परत काढता येत नाही, आणि ज्याला नको त्याला नकार द्यायची सोय नाही.

गोठ्यावरून
झाडांचं झालं, आता गुरांचं. सांग्याला आमचा छोटा गोठा आहे. निवड म्हणजे निर्धोक असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी लिहितो.

होल्स्टीन गाय ही निव्वळ निवडीने घडलेली. त्यात कोणी परकं जनुक टोचलेलं नाही. पण कृत्रिम रेतनाने एका वळूची हजारो वासरं होतात आणि सगळे त्याच चार नामांकित वळूंचं रेत मागतात. उत्तर अमेरिकेत रेतनासाठी वापरल्या जाणाऱ्या होल्स्टीन वळूंची बापाकडची वंशावळ मागे नेली तर दोनच वळूंपाशी थांबते. त्यातला चीफ हा १९६२ चा वळू. त्याच्या मुली भरपूर दूध द्यायच्या, म्हणून तो जगभर गेला. त्याच्या रक्तात एक दोषही होता. तो दोष आई आणि बाप दोघांकडून आला की गर्भ पोटातच मरायचा. अनेक दशकं गाभडत राहिलेल्या गाई लोकांनी नशिबावर घातल्या. कारण सापडलं ते जनुक वाचण्याचं तंत्र आल्यावर.

आता माझं. दहा वर्षांपूर्वी दोन संकरित गाई घेतल्या. दूध भरपूर. पण आपला पाऊस, चिखल, गोचीड! दुसऱ्याच पावसाळ्यात एकीला गोचीडताप झाला. दवाखाना लांब, औषध मिळेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. गाय गेली. त्याच गोठ्यात आईची गावठी पांढरी गाय निवांत रवंथ करत होती. तिला आम्ही गावठीच म्हणायचो. पुढे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने गोव्याच्या या पांढऱ्या गाईची 'श्वेतकपिला' म्हणून स्वतंत्र जात नोंदवली. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यांचे केससुद्धा. जवळ जाऊन पाहा, डोळ्यांभोवती तांबूस कातडी आणि त्यावर पांढऱ्या पापण्या, वासरू असताना तर नजर हलत नाही.

दूध कमी, दोन-तीन लिटर. पण ती खाते ते डोंगरावरचं गवत. आता माझी अडचण अशी की हिच्यासाठी याच जातीचा वळू मिळत नाही. रेत मागितलं तर सहज मिळतं ते जर्सीचं. जातीची नोंद होऊन वळू नसेल तर नोंद कागदावर राहील. कोणाकडे श्वेतकपिलाचा वळू असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, मी गाय घेऊन येईन.

बीजवेचक
गोठ्यावरून, तुम्ही जे लिहिलंत ते मी वर्गात शिकवायला हवं होतं. आंधळी निवडही तितकीच घातक. म्हणून मी तंत्राला चांगलं-वाईट म्हणत नाही, वाणागणिक विचारतो: ते काय करतं, कुठे पसरेल, बियाणं शेतकऱ्याच्या हाती राहील का.

त्या शेवटच्या प्रश्नावर कायदा माहीत असू द्या. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. त्यात शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पुन्हा पेरायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाण छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. गोवा धान तुम्ही एकदा आणलं की घरी राखू शकता, ते संकरित नाही.

आणि परसू, तुमच्या 'नकार द्यायची सोय' या शब्दांवर मी विचार करतो आहे. मार्च २०२२ मध्ये बाहेरचं जनुक नसलेल्या संपादित पिकांना जीएमच्या कडक नियमांतून मोकळीक मिळाली. वैज्ञानिक म्हणून मला ते पटतं. पण पिशवीवर तसं लिहिलेलं असावं, हेही मला तितकंच पटतं. माहिती लपवून विश्वास मिळत नाही.

चुलीवरचं_शित
एक लहानशी भर. काणकोणातल्या खोला गावची मिरची आज आपण छातीवर हात ठेवून आपली म्हणतो, तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण मिरची मुळात अमेरिका खंडातली. काजूही तसाच, ब्राझीलहून पोर्तुगिजांबरोबर आलेला. खोल्याच्या बायकांनी डोंगरउतारावर पिढ्यानपिढ्या लाल, कमी तिखट मिरच्यांचंच बी राखलं तेव्हा ती खोल्याची झाली. परकं बी आपलं होतं ते हातांनी, पण त्याला वेळ लागतो.

खाजनकाठ
पाच महिन्यांनी धागा वर काढते आहे. कापणी झाली, म्हणून.

मे महिन्यात बांध सर्वांनी मिळून बांधला, मानशीला नवी फळी बसवली. पहिल्या पावसाने मीठ धुऊन निघाल्यावर वरच्या दोन कुणग्यांत गोवा धान २ पेरलं, पोंयीकडे कोरगूट, मध्ये चार मीटरची मोकळी पट्टी. गोवा धान उभं राहिलं, उतारा भावाच्या मनासारखा आला, तो खूश आहे. कोरगूट दसऱ्याआधीच्या वाऱ्यात एका कोपऱ्यात लोळलं, बाबांच्या वेळीही लोळायचंच.

बीजवेचक काकांनी व्यनिमध्ये सांगितलं तसं कापणीच्या आदल्या दिवशी मी एकटीच विळा घेऊन आत शिरले. सबंध पट्टीतून दोनशे लोंबी निवडल्या, मुद्दाम एकसारख्या नाही. उंच, ठेंगण्या, लवकर पिकलेल्या, उशिराच्या, सगळ्या थोड्या थोड्या. फक्त रोगट आणि पोचट सोडल्या. तेव्हा कळलं की दर कापणीला बाबा तास-तासभर त्या पट्टीत काय करायचे. मला वाटायचं, उगाच फिरतात. ते जाताना मी हे विचारून ठेवलं नाही, याची रुखरुख आता जायची नाही.

चार उन्हं दिली. दाणा दाताखाली कडक वाजला तेव्हा मुडी बांधली. माझ्या गरजेपेक्षा आठ किलो जास्त आहे. ज्यांचं खाजन आहे, पाणी खारट आहे आणि जे पुढल्या कापणीला तेवढंच बी दुसऱ्या कोणाला देतील, त्यांनी लिहा. पैसे नकोत.

काकी पेज जेवली. गोवा धानाचीही आणि कोरगुटाचीही. कोरगुटाची दुसऱ्यांदा वाढून घेतली.

यवतमाळकर_वेर्णा
ताई, खाजन नाही माझ्याकडे, नाहीतर पहिला हात माझा होता. दिवाळीत गावी जातो आहे, आजोबांच्या कापसाची सरकी शेजारच्या तालुक्यात एका आजींकडे असल्याचं कळलंय. सरकी राखायची कशी, कोणी सांगेल का?

बीजवेचक
सरकीचा तंतू काढून शेणकाल्यात घोळा आणि सावलीत वाळवा. कोरडं मडकं, वर राखेचा थर, तोंड घट्ट बंद. आणि आसपास दुसरा कापूस असणार, म्हणून फुलं उमलायच्या आदल्या संध्याकाळी कळ्यांना दोरा बांधा, म्हणजे दुसऱ्याचा पराग शिरणार नाही. त्याच बोंडांची सरकी राखा. पहिल्या वर्षी वीस झाडं पुरे.

पेडण्याची_मानस
खाजनकाठ ताई, मला दोन किलो हवं. आमच्याकडे कोरगूट होतं, माझ्या लग्नानंतर संपलं. तेरेखोलच्या काठी अर्धी कुणगी आहे, बांध शाबूत आहे. पुढल्या दिवाळीला दोन किलो परत करीन, एक प्राजक्ताच्या नावाने वेगळं ठेवीन, तिची पेज राहिली आहे.

खाजनकाठ
तुमच्या नावाने दोन किलो वेगळं काढून ठेवलं. रविवारी रायबंदरच्या फेरीधक्क्यावर सकाळी नऊला. मुडी जमिनीवर ठेवू नका, उंदीर लागतो. चुलीच्या वर टांगा.